हृदयविकारावरील संशोधन (महाराष्ट्र)

हृदयविकाराची कारणे, प्रतिबंध आणि उपचार यांविषयी महाराष्ट्रात झालेल्या, तसेच महाराष्ट्रातील रुग्णांच्या उपचारांवर परिणाम करणाऱ्या संशोधनाचा आढावा या लेखात घेतला आहे. मुंबईतील उच्च रक्तदाबावरील अभ्यास, पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचे दीर्घकालीन निरीक्षण आणि कोकणातील विंचूदंशाच्या रुग्णांवरील उपचार ही या क्षेत्रातील महाराष्ट्राची ठळक कामे होत. हृदयविकार हा पूर्वी श्रीमंतांचा व शहरी माणसाचा आजार समजला जात असे. गेल्या तीन दशकांतील अभ्यासांनी ही समजूत चुकीची ठरवली आहे. भारतातील एकूण मृत्यूंपैकी हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १९९० मध्ये सुमारे १५ टक्के होते. २०१६ मध्ये ते सुमारे २८ टक्क्यांवर गेले.

विकाराचे स्वरूप

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांना हृद्‌रोहिण्या म्हणतात. या रोहिण्यांच्या आतील अस्तराखाली मेद, दाहकारक पेशी व तंतुमय ऊती साचून थर तयार होतो. थर जसजसा वाढतो तसतसा रोहिणीचा मार्ग अरुंद होतो आणि श्रम करताना छातीत दुखू लागते. या दुखण्याला हृद्‌शूल म्हणतात. थराचे वरचे आवरण फाटले, तर त्या जागी रक्ताची गुठळी होऊन रोहिणी अचानक बंद पडते. त्यापुढील भागातील स्नायू प्राणवायूअभावी मरू लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात.

झटका नेहमी सर्वांत अरुंद जागीच येतो असे नाही. रोहिणी थोडीशीच अरुंद झालेली असतानाही मऊ, दाहयुक्त थर फाटू शकतो. आदल्या दिवसापर्यंत शेतात काम करणाऱ्या माणसाला अचानक झटका कसा येतो, याचे स्पष्टीकरण या यंत्रणेत मिळते. रुग्णाच्या छातीच्या मध्यभागी दडपण येते, वेदना डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाते, घाम सुटतो व धाप लागते. मधुमेही आणि वृद्ध व्यक्तींमध्ये, तसेच स्त्रियांमध्ये वेदना सौम्य असू शकते. अशा वेळी तिला पित्त किंवा गॅस समजून वेळ दवडला जातो.

हृद्‌रोहिणी विकाराखेरीज हृदयाच्या झडपांचे विकार, हृदयस्नायूचे विकार, जन्मजात दोष व हृदय निकामी होणे हेही हृदयविकाराचे प्रकार आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळांचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम अभ्यासला. भारतीय वैद्यकात ही वनस्पती फार पूर्वीपासून परिचित होती. वकील यांचा निबंध १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या औषधाकडे वेधले गेले. पुढे १९५२ साली सर्पगंधेतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. उच्च रक्तदाबावरील सुरुवातीच्या परिणामकारक औषधांमध्ये त्याची गणना होते. या कामासाठी वकील यांना १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिनमुळे काही रुग्णांमध्ये नैराश्य येत असल्याचे दिसले व नवी औषधे उपलब्ध झाल्यावर त्याचा वापर कमी झाला.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शल्यचिकित्सक प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण ३ डिसेंबर १९६७ रोजी केले होते. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत झालेली सेन यांची शस्त्रक्रिया ही भारतातील पहिली होय. रुग्ण काही तासच जगला. त्या काळी शरीराने परक्या अवयवाचा अव्हेर करू नये यासाठी परिणामकारक औषधे नव्हती आणि मेंदूमृत्यूला भारतात कायदेशीर मान्यताही नव्हती. ही मान्यता १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मिळाली. त्याच वर्षी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पी. वेणुगोपाल यांच्या पथकाने देशातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले.

कारणांविषयीचे संशोधन

जोखीम घटक

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासातून उच्च रक्तदाब, धूम्रपान व रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध स्पष्ट झाला. ‘जोखीम घटक’ ही कल्पनाही याच अभ्यासामुळे रूढ झाली. परंतु तेथील लोकसंख्या प्रामुख्याने युरोपीय वंशाची असल्यामुळे हे निष्कर्ष भारतीयांना कितपत लागू पडतात, हा प्रश्न शिल्लक होता.

५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाने २००४ साली या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दिले. धूम्रपान, रक्तातील मेदांचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा स्थूलपणा, मानसिक व सामाजिक ताण, फळे व भाज्यांचे अल्प सेवन, मद्यपान आणि शारीरिक श्रमाचा अभाव हे नऊ घटक त्यात तपासले गेले. पहिल्या झटक्याची सुमारे ९० टक्के जोखीम या घटकांनी स्पष्ट होते, असे आढळले. यांपैकी मद्यपान वगळता इतर घटकांचा परिणाम सर्व प्रदेशांत साधारण सारख्या दिशेने दिसला. याच अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांचे स्वतंत्र विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला होता. इतर देशांतील रुग्णांचे सरासरी वय ५८.८ वर्षे होते. दक्षिण आशियातील लोकांमध्ये हे जोखीम घटक कमी वयातच आढळतात, हे त्याचे मुख्य कारण ठरले. कुटुंबाचा कर्ता माणूस ऐन मिळवत्या वयात आजारी पडत असल्याने या सुमारे सहा वर्षांच्या फरकाला मोठा सामाजिक अर्थ आहे.

पुण्यातील माता-बालक अभ्यास

इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर यांनी १९८९ साली हर्टफर्डशायर परगण्यातील पुरुषांच्या जुन्या जन्मनोंदी तपासल्या. जन्मतः व पहिल्या वर्षी वजन कमी असलेल्यांमध्ये पुढे हृदयविकाराने मृत्यू पावण्याचे प्रमाण जास्त असल्याचे त्यांना दिसले. गर्भावस्थेतील कुपोषणामुळे शरीराची जडणघडण बदलते आणि प्रौढपणी आजार बळावतात, असा सिद्धान्त त्यांनी मांडला.

या सिद्धान्ताची भारतीय परिस्थितीत पारख करण्याचे काम पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालय संशोधन केंद्रातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील कॅरोलिन फॉल यांचा त्यात सहभाग होता. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत ‘पुणे माता पोषण अभ्यास’ सुरू झाला. त्यात स्त्रियांची नोंद गर्भधारणेपूर्वीच करण्यात आली आणि जन्मलेल्या मुलांचे निरीक्षण ती मोठी होईपर्यंत सुरू ठेवण्यात आले.

या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर साउदॅम्प्टनमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याच्या बालकांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते. मात्र त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. अशा बालकाचे वर्णन संशोधकांनी ‘कृश परंतु मेदयुक्त’ असे केले. वजनाच्या काट्यावर कुपोषित दिसणारे मूल शरीररचनेने मात्र मधुमेह व हृदयविकाराकडे झुकलेले असू शकते, असा या निरीक्षणाचा अर्थ होता. नाळेतील रक्ताच्या तपासणीतही लेप्टिन व इन्शुलिन यांच्या पातळ्यांनी याला दुजोरा दिला.

हीच गोष्ट प्रौढांच्या बाबतीत समजावून देणारे एक छोटे टिपण याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ होता. मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. केवळ उंची व वजनावरून भारतीय माणसाची जोखीम ठरवता येत नाही, हे या उदाहरणामुळे जगभर पोहोचले. भारतीयांसाठी जास्त वजनाची मर्यादा युरोपीय लोकांपेक्षा खाली धरण्यामागे आणि कमरेचा घेर मोजण्यावर भर देण्यामागे अशाच अभ्यासांचा आधार आहे.

मातांच्या आहाराविषयीचे निष्कर्षही महत्त्वाचे ठरले. गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा खाणाऱ्या स्त्रियांची बालके जन्मतः मोठी होती. कष्टाची कामे जास्त करणाऱ्या स्त्रियांची बालके लहान होती. निम्म्याहून अधिक मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी व फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर याच अभ्यासातील मुले-मुली किशोरवयात आल्यावर त्यांना ब-१२ व इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये देऊन त्यांच्या पुढच्या पिढीवर होणारा परिणाम पाहण्याचा प्रयोग २०१२ पासून हाती घेण्यात आला.

तंबाखू

धूम्रपान हे हृदयविकाराचे प्रस्थापित कारण आहे. महाराष्ट्रात मात्र तंबाखू ओढण्यापेक्षा चघळण्याची व मशेरी लावण्याची सवय अधिक आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करत होते. धूररहित तंबाखू घेणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के, तर धूम्रपान करणाऱ्यांचे ३.८ टक्के होते. निकोटिनमुळे नाडीचे ठोके व रक्तदाब तात्काळ वाढतो. तंबाखू चघळण्याचाही पहिल्या झटक्याशी संबंध असल्याचे ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दिसले. ओढणे व चघळणे या दोन्ही सवयी असणाऱ्यांमध्ये जोखीम सर्वाधिक होती. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली.

आनुवंशिक घटक

हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात हृदयस्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरांचा लोप आढळला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोकांमध्ये हा बदल असतो आणि उतारवयात हृदयस्नायू दुर्बळ होण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

‘लायपोप्रोटीन-ए’ या मेदप्रथिनाची रक्तातील पातळी जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असते व आहार-व्यायामाने ती फारशी बदलत नाही. दक्षिण आशियाई लोकांमध्ये तिचे प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा सरासरीने अधिक आढळते. आयुष्यात एकदा ही तपासणी करावी, असे अनेक तज्ज्ञ मंडळे सुचवतात. ही पातळी उतरवणाऱ्या औषधांवर चाचण्या झाल्या आहेत.

दाह

रोहिणीतील थर हा केवळ साचलेल्या मेदाचा नसून त्यात दाहाची प्रक्रिया चालू असते, ही कल्पना जुनी आहे. तिचा थेट पुरावा २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीतून मिळाला. पूर्वी झटका येऊन गेलेल्या सुमारे १०,००० रुग्णांना कोलेस्टेरॉलवर परिणाम न करणारे, परंतु दाह कमी करणारे कॅनाकिनुमॅब हे औषध दिले असता पुन्हा झटका येण्याचे प्रमाण घटले. मात्र ते औषध फार महाग होते व गंभीर जंतुसंसर्गाची शक्यता त्यामुळे वाढत होती. त्यानंतर संधिरक्त या आजारावर फार पूर्वीपासून वापरले जाणारे स्वस्त कोल्चिसिन २०१९ च्या ‘कोलकॉट’ चाचणीत अल्प मात्रेत उपयुक्त ठरले. पुढील सर्वच चाचण्यांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत.

उपचारांविषयीचे संशोधन

गुठळी विरघळवणे

इटलीतील ‘गिस्सी’ चाचणीत (१९८६) ११,८०६ रुग्णांचा समावेश होता. झटका आलेल्या रुग्णाला शिरेतून स्ट्रेप्टोकायनेज दिल्यास मृत्यूचे प्रमाण घटते आणि पहिल्या तासात औषध मिळालेल्यांमध्ये ते जवळजवळ निम्म्यावर येते, असे या चाचणीने दाखवले. १९८८ च्या ‘आयसिस-२’ चाचणीत साध्या ॲस्पिरिनचाही स्वतंत्र लाभ सिद्ध झाला. दोन्ही औषधे एकत्र दिल्यास लाभ सर्वाधिक होता. हृदयविकाराच्या झटक्यात वेळ हाच स्नायू होय, ही वैद्यकातील शिकवण याच पुराव्यांवर उभी आहे. नंतर आलेले टेनेक्टेप्लेज एकाच टोचणीत देता येते, त्यामुळे लहान रुग्णालयांत ते सोयीचे ठरले.

फुगा व स्टेंट

आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी १९७७ साली झुरिक येथे अरुंद हृद्‌रोहिणीत फुगा फुगवून ती रुंद केली. १९८६ पासून रोहिणी पुन्हा आकसू नये म्हणून धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवण्यास सुरुवात झाली. झटका चालू असताना त्वरित केलेली ही प्रक्रिया जीवरक्षक ठरते.

स्थिर हृद्‌शूलाच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. ‘करेज’ (२००७) व ‘इस्केमिया’ (२०२०) या चाचण्यांत योग्य औषधोपचार चालू असलेल्या स्थिर रुग्णांमध्ये स्टेंट किंवा बायपासचा मार्ग आधीच अवलंबल्याने मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. वेदनेपासून आराम मात्र अधिक मिळाला. दुसऱ्या चाचणीत ५,१७९ रुग्ण होते व भारतातील अनेक केंद्रे त्यात सहभागी होती. तपासणीत अरुंद रोहिणी दिसली म्हणजे लगेच स्टेंट हवाच, असे प्रत्येक वेळी नसते, हा या संशोधनाचा रुग्णांसाठी अर्थ होय.

भारतात फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. साध्या धातूच्या स्टेंटसाठी ती ७,२६० रुपये, तर औषधलेपित स्टेंटसाठी २९,६०० रुपये ठरवण्यात आली.

औषधे

जपानमधील अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून पहिला स्टॅटिन शोधला. १९९४ मध्ये ४,४४४ रुग्णांवरील स्कँडिनेव्हियन चाचणीत सिंव्हास्टॅटिनमुळे एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. फ्रान्समधील काही कुटुंबांच्या अभ्यासातून २००३ साली कोलेस्टेरॉल वाढवणारे एक नवे जनुक उजेडात आले. त्या जनुकाच्या प्रथिनाला अडवणारी टोचण्यांची औषधे २०१५ पासून वापरात आली.

मधुमेहासाठी तयार झालेल्या डॅपाग्लिफ्लोझिनने २०१९ च्या चाचणीत हृदय निकामी झालेल्या रुग्णांचे मृत्यू व रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी केली; मधुमेह नसलेल्यांनाही त्याचा लाभ झाला. सेमाग्लुटाइडवरील २०२३ च्या चाचणीत मधुमेह नसलेल्या, परंतु स्थूल व हृदयविकार असलेल्या १७,६०४ व्यक्तींचा समावेश होता. त्यांच्यात झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले.

अनेक औषधे एकाच गोळीत देण्याची कल्पना भारताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. रक्तदाबाची औषधे व स्टॅटिन एकत्र असलेल्या अशा गोळीची पहिली मोठी तपासणी भारतातील ५० केंद्रांत झाली व २००९ साली प्रसिद्ध झाली. पुढील ‘टिप्स-३’ चाचणीत अशी गोळी ॲस्पिरिनसह घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी आढळले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा संयुक्त गोळीचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

विंचूदंश व हृदय

लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू हे हृदयावरील परिणामांमुळे होतात, हे ओळखून त्यावर उपचार शोधण्याचे काम हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात केले. मूळचे जालना जिल्ह्यातील बावस्कर १९७० च्या दशकात बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विषामुळे स्वायत्त चेतासंस्था उद्दीपित होऊन रक्तात ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये मोठ्या प्रमाणात सुटतात. रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावरील भार वाढतो आणि फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण दगावतो. उलट्या, भरपूर घाम व थंड पडलेले हातपाय ही त्याची पूर्वचिन्हे असल्याचे त्यांनी नोंदवले. हे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे उच्च रक्तदाबावरील औषध अशा रुग्णांना पोटातून दिल्यास विषाच्या परिणामाला थेट उतारा मिळतो, असे त्यांनी १९८६ मध्ये दाखवले. गोळी स्वस्त असल्याने व ती देण्यासाठी अतिदक्षता कक्षाची गरज नसल्याने हा उपचार आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचला आणि मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. प्राझोसिनबरोबर विंचूविषरोधक लस दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे ७० रुग्णांवरील चाचणीतून २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडण्यात आले. बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

संधिज्वरजन्य हृदयविकार

लहानपणी घशाला होणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गानंतर काही मुलांना संधिज्वर येतो व त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. दाटीवाटीची घरे व उशिरा मिळणारे उपचार ही त्यामागील सामाजिक कारणे आहेत. पेनिसिलिनची टोचणी ठरावीक अंतराने देत राहिल्यास हा बिघाड वाढत नाही. युगांडातील ८१८ मुलांवर झालेल्या २०२२ च्या चाचणीत लक्षणे नसलेल्या, परंतु ध्वनिचित्रण तपासणीत दोष दिसलेल्या मुलांनाही या टोचणीचा लाभ झाला. दोन वर्षांत दोष वाढलेल्यांचे प्रमाण टोचणी घेणाऱ्यांत ०.८ टक्के, तर न घेणाऱ्यांत ८.२ टक्के होते.

ग्रामीण भागातील स्थिती

भारतातील ८९ रुग्णालयांतील २०,४६८ रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदवहीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक कालावधी सुमारे सहा तासांचा होता. म्हणजे निम्म्या रुग्णांना त्याहूनही अधिक वेळ लागला. पहिल्या ३० दिवसांत गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के, तर श्रीमंत रुग्णांपैकी ५.५ टक्के मरण पावले. मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत नाहीशी झाली. गरीब रुग्ण अधिक संख्येने दगावण्यामागे त्यांच्या आजाराचे वेगळेपण नसून त्यांना न मिळालेले उपचार हे कारण आहे, असा याचा अर्थ होतो.

गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत ‘सर्च’ या संस्थेने केलेल्या पाहणीत पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण असल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. पक्षाघात व हृदयविकार या दोहोंचे मूळ बऱ्याच अंशी अनियंत्रित रक्तदाबात असते. संस्थेचे संस्थापक अभय बंग यांनी स्वतःच्या आजारावर लिहिलेले ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे मराठी पुस्तक वाचकप्रिय ठरले आहे.

परभणी जिल्ह्याच्या गोदावरी खोऱ्यातील सोनपेठ हे तालुक्याचे ठिकाण या प्रश्नाचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल. सोनपेठसारख्या शेतीप्रधान तालुक्यातील रुग्णाला मोठ्या उपचारांसाठी परभणी, अंबाजोगाई, नांदेड किंवा लातूरकडे जावे लागते. अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकापासून, तर परभणीचे २०२३ पासून कार्यरत आहे. अंतर कमी करता येत नसले, तरी वेळ वाचवता येतो. विद्युत्‌ हृदयालेख जवळच्या रुग्णालयात काढून तो दूरस्थ तज्ज्ञाला पाठवणे, निदान होताच तेथेच गुठळी विरघळवणारे औषध देणे व नंतर रुग्णाला मोठ्या केंद्रात हलवून रोहिणीचित्रण करणे, अशी ही पद्धत आहे. तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांशी जोडून २,४२० रुग्णांवर तिची तपासणी झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका वर्षातील मृत्यूचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले.

महाराष्ट्रात ‘१०८’ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत व पुढील वर्षी राज्यभर सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना हे नाव देण्यात आले. हृद्‌रोहिणीतील स्टेंट व बायपास यांचा तिच्यात समावेश आहे. प्रतिबंधाच्या बाजूने पाहता, भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ पासून सुरू झाला. महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. ठरावीक औषधांचा क्रम, गावाजवळच औषधांचा पुरवठा व प्रत्येक रुग्णाची नोंद ही त्याची सूत्रे आहेत.

मर्यादा व अनुत्तरित प्रश्न

हृदयविकारावरील बहुतांश मोठ्या चाचण्या श्रीमंत देशांत झाल्या असून भारतीय ग्रामीण रुग्णांचे, विशेषतः स्त्रियांचे, त्यांतील प्रमाण कमी आहे. निरीक्षणात्मक अभ्यासांतून दोन गोष्टींचा संबंध दिसतो. पण एक दुसरीचे कारण आहे, हे त्यातून सिद्ध होतेच असे नाही. मातांच्या पोषणात सुधारणा केल्याने पुढील पिढीतील हृदयविकार प्रत्यक्षात किती कमी होईल, याचे उत्तर मिळण्यास काही दशके लागतील. नवी औषधे परिणामकारक असली, तरी त्यांपैकी काहींची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. दुसरीकडे ॲस्पिरिन, स्टॅटिन व रक्तदाबाची जुनी औषधे स्वस्त असूनही ती नियमितपणे न घेतली जाणे हा मोठा अडथळा आहे. बरे वाटू लागताच गोळ्या बंद करण्याची प्रवृत्ती, तंबाखूची सवय आणि छातीतील दुखणे अंगावर काढण्याची सवय यांवर संशोधनातून मिळालेले ज्ञान कितपत मात करते, यावर या विकाराचे पुढील स्वरूप अवलंबून राहील.